मदत हवी आहे: आईच्या पंच्याहत्तरीचं स्क्रॅपबुक, जुने फोटो आणि रंगीत कागद

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आईची पंच्याहत्तरी आहे. साडी नको, भांडी नको, हॉलमधला कार्यक्रम तर नकोच, असं तिनं बजावलंय. म्हणून आम्ही बहिणींनी तिच्यासाठी स्क्रॅपबुक करायचं ठरवलं. फोटो आणि मजकूर जमवायचं काम बहिणींचं, कापणं-चिकटवणं-सजवणं माझं. मला या कामाची मनापासून आवड आहे. शुभेच्छापत्रं, क्विलिंगची (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली) फुलं, आहेराची पाकिटं वर्षानुवर्षं करत आलेय, पण इतकं जुनं आणि पुन्हा न मिळणारं सामान पहिल्यांदाच हाताळणार आहे.

जमलेलं सामान असं: लग्नातले कृष्णधवल फोटो, आम्हा मुलींचे १९८० च्या दशकातले रंगीत फोटो (आता तांबूस पडलेत), बाबांनी पाठवलेली निळी आंतर्देशीय पत्रं, तिच्या हातच्या पाककृतींचे वहीतले कागद, विरलेल्या पैठणीची किनार, आणि घरातल्या मुंजी-लग्नांच्या पत्रिका.

कागद पसरून बसले की वेळेचं भान राहत नाही. कृष्णधवल फोटोखाली कुंकवाच्या रंगाचा कागद सरकवला तर चेहरे एकदम उठून दिसतात. तोच फोटो राखाडी कागदावर ठेवला की सगळं झोपून जातं. पोपटीशेजारी राणी, हळदीशेजारी मोरपिशी, असं लावून बघण्यातच माझा अर्धा आनंद आहे. त्यामुळे “टिकायला हवं तर सगळं पांढरं ठेवा” हा सल्ला कृपया देऊ नका. आईलाही रंग हवे असतात, तिच्या उशीचे अभ्रेसुद्धा गडदच असतात.

आता अडचण. आम्ही चिपळूणला राहतो. इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना बुरशी येते, कसर लागते. बाजारातले घोटीव आणि क्रेप कागद दिसायला सुंदर, पण ओलसर हात लागला तरी रंग सोडतात. तो रंग फोटोला लागला तर? दुसरं, फेविकॉलनं पातळ कागदाला सुरकुत्या येतात. तिसरं, किनार आणि क्विलिंग लावल्यावर पानं फुगतात, वही मिटत नाही. मूळ फोटो लावावेत की प्रती, यावर बहिणींमध्ये एकमत नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

कागदफूल (पुणे):

ताई, किती छान भेट! मूळ फोटो लावू नका, हे माझं ठाम मत. फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे दुप्पट मोठा करून छापला तरी ३०० डीपीआय उरतात आणि चेहरे धूसर होत नाहीत. तांबूसपणा संगणकावर बराच कमी करता येतो. थोडा राहिलाच तर त्याखाली निळा-हिरवा कागद नको, त्यानं तांबडेपणा आणखी जाणवतो. मलई किंवा फिकट बदामी घ्या.

मुख्य पानांसाठी २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचं कार्डशीट लागेल. साधा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, तो सजावटीचं वजन पेलत नाही. घेताना ‘ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेला) लिहिलंय का बघा. वर्तमानपत्र पिवळं पडून ठिसूळ होतं ते त्यातल्या लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्लामुळे. तसलाच कागद फोटोशेजारी असेल तर डाग फोटोवर उतरतात. सुती चिंध्यांचा हातकागद या बाबतीत फार चांगला. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. पुण्यात चक्कर झाली तर जरूर जा. तिथले कागद हातात घेतले की रिकाम्या हातानं परत येववत नाही. बाकी कार्डशीट, टेप, पंच अप्पा बळवंत चौक नि बोहरी आळीत मिळेल.

शाईचा_डाग (नाशिक):

रंग सोडणारा कागद ओळखायची सोपी रीत: ओल्या पांढऱ्या कापसाच्या बोळ्यानं कोपरा पुसा. कापूस रंगला तर तो कागद फोटोच्या पानावर नको, पाकिटावर वापरा. मला क्रेपची फुलं जिवापाड आवडतात, पण ती मी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूलाच ठेवते.

फेविकॉलऐवजी ग्लू स्टिक किंवा ॲसिड-फ्री दुहेरी टेप. साधी सेलोटेप अजिबात नको, ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि चिकट डाग सोडून सुटते. फोटोंना काळे फोटो-कॉर्नर लावा. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तेच. फोटोला गोंद लागत नाही, हवा तेव्हा काढता येतो. मूळ फोटो कुठे लावलाच तर मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल बरी.

आणि एसटीची मशिनवाली तिकिटं किंवा दुकानाच्या पावत्या लावणार असाल तर त्यांची रंगीत प्रत काढा. तो थर्मल कागद असतो, उष्णतेनं नि काळानं अक्षरं उडून जातात.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार! कापसाची परीक्षा लगेच केली. राणी रंगाचा घोटीव कागद नापास, हळदी कार्डशीट पास. मूळ फोटोंचा वादही मिटला, बहिणींना हा धागाच वाचायला दिला. पानं फुगण्याचं काय करू? किनार तर लावायचीच आहे.

बांधणीवाला (सावंतवाडी):

मी बाइंडिंगचं काम करतो. सोपं आहे. प्रत्येक पानाच्या शिवणीकडे त्याच कार्डशीटची बोटभर रुंद पट्टी चिकटवा, जाड सजावट असेल तिथे दोन पट्ट्या. त्यामुळे पाठीकडे आधीच जागा तयार होते आणि सजावटीची जाडी तिथे सामावते. शिवणीऐवजी स्क्रू-बांधणी घ्या, पुढे पानं वाढवता येतील. आंतर्देशीय पत्रं चिकटवू नका, पानावर तीन बाजूंनी चिकटवलेला खिसा करा आणि पत्र त्यात सरकवा. आईंना ती उघडून वाचता यायला हवीत ना. पाककृतींनाही तेच करा.

किनार फोटोला थेट टेकू देऊ नका, तिच्यातली जरतार काळपट पडते आणि घासते. मध्ये बटर पेपर घाला.

दमटपणाचं म्हणाल तर आपल्या कोकणात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सर्वांत वाईट. पीव्हीसीची पारदर्शक पानंही टाळा, फोटो त्यांना चिकटतात. पुठ्ठ्याची पेटी करा, तळाशी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला. भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. ऊन पडलं की पंख्याखाली पानं उलटून घ्या, थेट उन्हात नको, रंग उडतात.

धागाकर्ती:

दादा, खिशांची कल्पना फारच आवडली. खिसे हळदी कार्डशीटचे करते, वर मोरपिशी पट्टी. आता फक्त पेटीचं विचारते: आकार १२ बाय १२ इंचाचा ठरवलाय, तर पेटी पानांपेक्षा किती मोठी ठेवू आणि पुठ्ठा कुठल्या जाडीचा घेऊ?

बांधणीवाला (सावंतवाडी):

चारही बाजूंना अर्धा इंच सोडा, नाहीतर काढताना पानांचे कोपरे दुमडतात. पुठ्ठा दोन-अडीच मिलिमीटरचा. आतून अस्तर लावताना पानांचाच कागद वापरा, घोटीव नको.