'विखंडन' नको, तर मग काय?

एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. त्यात सोन्याच्या दोन अणूंची केंद्रकं प्रचंड वेगाने आदळून फुटतात, त्याला 'फ्रॅग्मेंटेशन' म्हटलंय. मी 'विखंडन' लिहिलं. संपादकांनी लाल खूण केली: 'हे फिशन झालं.' दुसरा शब्द सुचवाल का?

— ताई, संपादकांचं बरोबर आहे. 'विखंडन' हा शब्द शाळेपासूनच फिशनच्या, म्हणजे जड अणूचं केंद्रक दुभंगण्याच्या, नावे लागलाय. १९३८ च्या अखेरीस हान आणि स्ट्रासमन या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. माइटनर आणि फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला आणि फ्रिशने पेशीविभाजनाचा 'फिशन' हा शब्द त्यासाठी उचलला. मराठीत मात्र अमीबाचं द्विविभाजन आणि युरेनियमचं विखंडन अशी वेगळी सोय झाली, ती मला फार आवडते. विखंडनात साधारणपणे दोन मोठे तुकडे पडतात.

तुमच्या लेखातला प्रकार निराळा. सोन्याच्या केंद्रकात १९७ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून १९७ कण, असतात. दोन केंद्रकं नेमकी समोरासमोर क्वचितच येतात, बहुतेकदा कडेला कड भिडते. जेवढा भाग एकमेकांवर आला तेवढा तिथेच भिडतो, उरलेला जवळपास त्याच वेगाने पुढे निघून जातो. त्यांना पार्टिसिपंट आणि स्पेक्टेटर म्हणतात. मी 'भिडणारे' आणि 'बघे' म्हणतो. पण बघेही सुटत नाहीत. लचका तुटलेला, आतून तापलेला बघा पुढे जाता जाता फुटतो.

आता धक्का जसा, तसा शब्द. निसटता असेल तर कपाचा टवका उडावा तसे थोडे न्यूक्लिऑन उडतात. जोराचा असेल तर लिथियम, कार्बन अशी मधल्या आकाराची शकलं होतात. फारच वर्मी बसला तर चुराच: सुटे प्रोटॉन, न्यूट्रॉन, हेलियम. मधल्या पायरीसाठी 'शकलन' घ्या, अनेक शकलं असतील तर 'बहुशकलन'.

— शकल, ठिकरी, कपची, टवका हे सगळे ठिसूळ वस्तूंचे शब्द आहेत. केंद्रक वागतं थेंबासारखं. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत सोन्याच्या केंद्रकांच्या टकरी मोजल्या, त्याचा आलेख १९९५ साली छापून आला. ऊर्जा वाढत गेली तरी तापमान ५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे सुमारे ५८ अब्ज केल्विनच्या आसपास बराच वेळ अडून राहिलं. चुलीवरच्या उकळत्या पाण्यासारखं! आच वाढवली तरी पारा १०० च्या पुढे जात नाही, वाफ तेवढी जास्त होते. तेव्हा नाम 'बहुशकलन' राहू दे, पण क्रियापद 'ठिकऱ्या उडतात' नको.

— दोघांचेही आभार. वाक्य असं केलंय: 'टक्कर चुकवून पुढे निघालेला भाग इतका तापलेला असतो की तो उकळून लहानमोठ्या थेंबांत विखुरतो, या क्रियेला बहुशकलन म्हणतात.' 'बघे' हा शब्दही घेतला, अवतरणचिन्हांशिवाय.