परोपजीवी वनस्पतींचा लवक-जीनोम शेवटी शून्यावर जातो का?

पानगळ
परोपजीवी वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषण सुटलं की हरितलवकाचा (पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा भाग, थोडक्यात लवक) स्वतःचा जीनोम, म्हणजे डीएनएचा संच, आटत जातो, यावर कुणाचं दुमत नसावं. हिरव्या तंबाखूत तो सुमारे 1,56,000 बेसजोड्यांचा (डीएनएची अक्षरं). एपिफेगस या परोपजीवीत 70,028, आणि हा 1992 सालीच वाचला गेला. पायलोस्टायलिस इथिओपिका या दुसऱ्या परोपजीवीत 11,348, चालू असतील अशी जनुकं जेमतेम पाच. आधी एनडीएच जनुकं (प्रकाशसंश्लेषणाला साहाय्य करणारी) गळतात, नंतर प्रकाश पकडणाऱ्या प्रकाशप्रणालींची. हा उतार शून्यालाच टेकतो, असं माझं मत. रॅफ्लेशिया लगास्के या परोपजीवीत 2014 साली लवक-जीनोम सापडलाच नाही.

कंदमूळ
असहमत. उताराला तळ आहे. पायलोस्टायलिसच्या त्या पाचांत एसीसीडी हे जनुक का उरलं? मेदाम्लं बनवायला ते लागतं. शिवाय हीम (पेशीला लागणारा लोहयुक्त रेणू) बनायची सुरुवात ग्लुटामेट हे अमिनो आम्ल चिकटलेल्या टीआरएनए-ई पासून होते, आणि त्या टीआरएनएचं (अमिनो आम्ल वाहणारा लहान आरएनए) जनुक लवक-जीनोमात असतं.

आणि 'सापडला नाही' यावर फार विसंबू नका. बॅलॅनोफोरा या परोपजीवीचा लवक-जीनोम साडेपंधरा हजारांचा, त्यात जी आणि सी ही अक्षरं (जीसी) जेमतेम 12 टक्के. लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) करताना पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, फेऱ्या वाढल्या की असे तुकडे मागे पडतात. फेऱ्यांशिवायची लायब्ररी करावी. वर बॅलॅनोफोरात टीएजी ही तीन अक्षरं प्रथिन थांबवायची खूण नसून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची आहेत. नेहमीची संकेतसारणी लावली की धडधाकट जनुकं मोडकी दिसतात!

पानगळ
पीसीआरचं मान्य. पण साप्रिया या रॅफ्लेशियाच्या नातलगाचा केंद्रकीय जीनोम 2021 साली आला, तिथेही लवक-जीनोम नाही. एसीसीडीचं म्हणाल तर क्लोव्हरसारख्या हिरव्यागार झाडानंही ते केंद्रकात हलवलंय.

कंदमूळ
एसीसीडी सोडलं. केंद्रकात बनलेलं प्रथिन लवकात आणता येतं. टीआरएनए आत घ्यायची तशी सर्रास वाट नाही, म्हणून माझा तळ टीआरएनए-ई वर.

शेवाळ
तळ कुठला ते नंतर. आधी सापडलेला तुकडा कुणाचा ते बघा. शोषकमुळांलगतचा (परोपजीवी जिथे यजमान झाडाला चिकटतो) नमुना घेतला की यजमानाचा डीएनए हमखास येतो. हिरव्या झाडात वाचनांची खोली (एकच जागा किती वेळा वाचली गेली ते) लवकात सर्वांत जास्त, मग तंतुकणिका, मग केंद्रक. तुमचा 'लवकाचा' तुकडा केंद्रकाइतक्याच खोलीचा असेल, तर तो बहुधा केंद्रकात शिरलेली जुनी प्रत. मग तुकड्याचा वंशवृक्ष काढा. रॅफ्लेशिया माल्पिगिएलीस गणातली. तुकडा द्राक्षकुळात, टेट्रास्टिग्मा या तिच्या यजमान वेलीशेजारी जाऊन बसला तर तो यजमानाकडून आलेला. रॅफ्लेशियातले बरेच तुकडे असेच निघाले.

कंदमूळ
म्हणजे ते तुकडे पानगळांच्याही कामाचे नाहीत, माझ्याही. साप्रियात हीम कुठल्या वाटेनं बनतं, ते कुणीतरी दाखवा.