मदत हवी आहे: पावसाळ्यात बंद राहिलेल्या १५ एचपी मोटारचं मेगर रीडिंग पडलंय, रिवाइंडिंग करावंच लागेल का?

नमस्कार मंडळी. नागपुरात कळमन्याकडे एका डाळमिलमध्ये मेंटेनन्स बघतो. डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची १५ एचपी, ४१५ व्होल्टची मोटार जुलैपासून बंद होती. वरचा पत्रा गळतोय हे उशिरा लक्षात आलं. काल सुरू करण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला.

स्टार्टरकडून बॉडीला रीडिंग पावणेदोन मेगओहम. केबल सोडवून बघितली तर एकटी केबल २०० च्या वर, एकटी मोटार एका मिनिटानंतर १.८. दहा मिनिटं धरून ठेवलं तरी २.१ च्या पुढे काटा गेला नाही. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या काढून एकेक फेज तपासली, तर तिन्ही साडेपाचच्या आसपास. माझ्या वहीत मे महिन्यातलं रीडिंग ६० आहे, तेही दुपारी मोटार ४३ अंशाला तापलेली असताना. आता वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) २८ अंशाला आहे.

रिवाइंडिंगवाल्याने मोटार न उघडताच "गेली, नवीन तार भरावी लागेल" सांगितलं. शेठ म्हणतात, चालते तर चालवा. त्या एलिव्हेटरच्या सांगाड्याला पोरं दिवसभर हात लावतात, म्हणून मी सध्या फ्यूज काढून ठेवलेत. ओल आहे की इन्सुलेशन खरंच गेलंय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
भाऊ, फ्यूज काढलेत ते उत्तम केलं. तिन्ही फेज सारख्याच उतरल्यात, हे बहुतेक ओल आणि धुळीचं लक्षण. तार जळाली असती तर सहसा एखादीच फेज झोपली असती.

एकेक फेज ५ च्या वर आली म्हणून पास धरू नका. आयईईई ४३ (मोटारचं इन्सुलेशन तपासायचं मानक) मधला किमान ५ मेगओहमचा आकडा तिन्ही फेज एकत्र आणि ४० अंशाला धरून आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं, म्हणजे तुमचे २८ अंशाचे १.८ हे ४० अंशाला ०.८ च्या आसपास भरतात. दहा मिनिटांचं भागिले एका मिनिटाचं १.२ येतंय, ते २ तरी हवं.

आधी कव्हर उघडून कोरड्या हवेने डाळीचा भुसा काढा, तो पाणी धरून ठेवतो. मग बल्ब लावून किंवा भट्टीत ८० अंशांपर्यंत हळूहळू तापवा. तापताना रीडिंग आधी आणखी पडेल, घाबरू नका. ओल निघाली की वर चढून एका जागी टिकतं. दर तासाला लिहून ठेवा, आणि प्रत्येक वेळी मेगर काढल्यावर वाइंडिंग अर्थला जोडून डिस्चार्ज करा. दोन दिवसांनीही चढलं नाही, तर मात्र रिवाइंडिंग.

धागाकर्ता
आभारी आहे भाऊ. मोटार आजच खाली उतरवतो. पत्र्याचं काम झाल्याशिवाय परत वर चढवणार नाही, असं शेठना सांगितलंय. तासातासाची रीडिंग इथेच टाकतो.