ब्रूस बीचची जमीन परत मिळाली. बाकीच्यांच्या हिशेबाचे काय?

हिशेबनीस:

कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने 1912 मध्ये समुद्रालगत जमीन घेतली आणि तिथे उपाहारगृह, नृत्यगृह व कपडे बदलण्याच्या खोल्या असलेले विश्रामस्थळ उभारले, कारण आसपासच्या बहुतेक किनाऱ्यांवर कृष्णवर्णीयांना मज्जावच होता. धंदा चालला आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. 1924 मध्ये नगरपालिकेने सार्वजनिक उद्यानाचे कारण दाखवून जमीन संपादनाची कारवाई सुरू केली. ब्रूस यांनी 1,20,000 डॉलर मागितले होते. त्यांच्या हातावर टेकवले गेले 14,500. उद्यानासाठी घाई झालेली ती जमीन त्यानंतर कित्येक वर्षे नुसती पडून राहिली. 2022 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, ती वारसांच्या नावे केली आणि पुढच्याच वर्षी वारसांनी ती काउंटीलाच सुमारे 2 कोटी डॉलरना विकली.

ही बातमी वाचून बहुतेकांनी 'उशिरा का होईना, न्याय झाला' असे म्हटले. माझा प्रश्न ज्यांच्याकडे असा जमिनीचा दस्तऐवज नाही त्यांच्याविषयी आहे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत मधोमध येणाऱ्या (निम्मी वर, निम्मी खाली) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती, म्हणजे मालमत्तेतून कर्ज वजा जाता उरलेली रक्कम, 2,85,000 डॉलर होती. कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. उत्पन्नातील तफावत याहून पुष्कळ कमी आहे. पगार या पिढीत मिळतो, परंतु संपत्तीत आजोबांचे घरही मोजले जाते.

ते घर कसे मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. 1934 पासून संघराज्य सरकारच्या गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना हमी दिली, म्हणून थोडी रक्कम आगाऊ भरून दीर्घ मुदतीचे कर्ज घेणे सामान्य नोकरदाराला शक्य झाले. परंतु वस्तीत कृष्णवर्णीय येणे हाच धोका, असे त्याच प्रशासनाचे नियम सांगत होते. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी 1944 मध्ये कायदा झाला. त्याखाली 1947 मध्ये मिसिसिपी राज्यात घर, धंदा आणि शेतीसाठी हमीची 3,229 कर्जे दिली गेली, त्यांपैकी कृष्णवर्णीयांना दोन. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये सुमारे 8,000 डॉलरना मिळणारी घरे त्यांना मिळतच नव्हती. घरविक्रीतील भेदभावाला बंदी आली ती 1968 मध्ये, आणि तोवर गोऱ्या कुटुंबांची एक पिढी आपल्या घरावर कर्ज काढून मुलांची शिक्षणे करू लागली होती.

इलिनॉयमधील एव्हन्स्टन शहराने 2021 पासून, 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी 25,000 डॉलर देण्याची योजना सुरू केली आहे. माझ्या मते असे देशभर व्हायला हवे.

एडिसनकर:

ब्रूस कुटुंबाला जमीन मिळाली हे योग्यच झाले. पण का मिळाली? कारण तिथे खरेदीखत होते, संपादनाचा निकाल होता, नाव-गाव असलेला वारस होता. त्यावरून उडी मारून एक संपूर्ण समूह दुसऱ्या समूहाचे देणे लागतो असे म्हणणे, हे मला न्यायाचे नव्हे तर राजकारणाचे गणित वाटते. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेल्या गोऱ्या मजुराच्या नातवाला वारशाने काय मिळाले, हे एकदा पाहा.

शिवाय आपण ज्या पाहणीचे आकडे दिले, त्यातच आशियाई कुटुंबांचा आकडा 5,36,000 डॉलर आहे, म्हणजे गोऱ्यांच्याही वर. आशियाईंच्या वाट्याला कायद्याचा अन्याय आला नव्हता काय? 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या भारतीय स्थलांतरिताच्या खटल्यात भारतीय लोक गोरे नाहीत असे ठरवून त्यांचा नागरिकत्वाचा हक्क नाकारला. कॅलिफोर्नियात आशियाई स्थलांतरितांना शेतजमीन घ्यायला बंदी होती. 1942 मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले आणि त्यांची दुकाने व शेते गेली. 1988 च्या कायद्याने त्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. तेही हयात असलेल्या पीडितांना, नातवंडांना नव्हे. मला ती रीत पटते. मदत करायची तर आजची ऐपत पाहून करावी, कातडीचा रंग पाहून नव्हे.

ओसरी:

एडिसनकर, आशियाईंचा आकडा या चर्चेत नेहमी येतो आणि नेहमी अर्धाच येतो. अमेरिकेतल्या आपल्या भारतीयांपैकी बहुतेक जण 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आले, आणि त्या कायद्याने डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ अशा लोकांना निवडून घेतले. 'खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो' ही गोष्ट प्रत्येक महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ऐकायला मिळते. आठच डॉलर होते, कारण भारत सरकार त्याहून अधिक परकीय चलन नेऊ देत नव्हते. त्याच माणसाच्या बॅगेत सरकारी खर्चाने मिळालेली अभियांत्रिकीची पदवी होती आणि त्यामागे दोन-तीन पिढ्यांचे अक्षर होते. हा वारसा नव्हे तर काय?

थिंड यांच्या खटल्याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. वंश पाहून नागरिकत्व देणारा कायदाच अन्यायाचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद नव्हता. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोऱ्यांतच मोडतो, असा होता. आपल्याला ज्याने पुढे दार उघडून दिले तो 1965 चा कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने देशाची हवा बदलल्यावर आला, हे त्यापुढे ठेवून पाहावे.

रोखठोक:

लाल रंगाच्या नकाशांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, पण तो होणारच, म्हणून आधीच लिहितो. 1930 च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे जे नकाशे काढून कर्ज देण्यास 'धोकादायक' वस्त्या लाल रंगवल्या, त्या वस्त्यांमधील बहुसंख्य रहिवासी गोरेच होते, असे आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समान उत्पन्नाच्या घरांत, एवढेच नव्हे तर एकाच वस्तीत वाढलेल्या मुलांची तुलना आहे. श्रीमंत घरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगाही मोठेपणी गोऱ्या मुलाच्या मागे पडतो. मुलींच्या स्वतःच्या कमाईत मात्र असा फरक जवळजवळ दिसत नाही. आईवडिलांची संपत्ती हिशेबात धरूनही मुलांमधील दरी फारशी मिटत नाही. मग 25,000 डॉलरच्या धनादेशाने ती कशी मिटणार? जिथे दुखते आहे तिथे औषध लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हिशेबनीस:

रोखठोक, लाल वस्त्यांत गोरे बहुसंख्य होते हे खरे, म्हणूनच मी माझा मुद्दा नकाशांवर उभा केला नाही. मात्र त्या वेळी स्वतःचे घर असलेली कृष्णवर्णीय कुटुंबे जवळजवळ सगळीच लाल भागात होती, हे त्याच अभ्यासकांचे वाक्य सोडून देऊ नये. खरे कुलूप लावले ते कर्जाला हमी देणाऱ्या प्रशासनाने, आणि त्याचे नियम छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.

चेट्टी यांच्या अभ्यासाबाबत मात्र मला मौज वाटते. समान ऐपतीच्या घरातील, एकाच गल्लीतील दोन मुलांपैकी कृष्णवर्णीय मुलगाच मागे पडत असेल, तर केवळ ऐपत पाहून मदत करण्याचा एडिसनकरांचा मार्ग अपुरा ठरतो. आपण त्यांच्या बाजूने लिहिलेत, पण पुरावा त्यांच्या विरुद्ध दिलात. घराच्या भरपाईने नोकरीतला आणि पोलिसांच्या वागणुकीतला भेद जाईल असा माझा दावाच नाही. घराच्या भरपाईने घराचे देणे फिटेल, इतकेच.

एडिसनकर:

निदान बरोबर असले म्हणून औषध बरोबर ठरत नाही. 2023 मध्ये हार्वर्डच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशासाठी वंश पाहणे घटनाबाह्य ठरवले. एव्हन्स्टनच्या योजनेविरुद्धही 2024 मध्ये खटला दाखल झाला आहे. न्यायालयात टिकणार नाही अशा योजनेच्या आशेवर लोकांना आणखी एक पिढी बसवून ठेवणे ही क्रूरता आहे. आणि पैसे भरणार कोण? ज्यांनी 1998 मध्ये इथे पाऊल ठेवले, त्यांनी 1947 च्या मिसिसिपीचे देणे का द्यावे, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

ओसरी:

आपण नागरिक झालो तेव्हा या देशाने आपल्या जन्माआधी बांधलेले रस्ते आणि विद्यापीठे वापरू लागलो, आणि आपण येण्याआधी काढलेल्या सरकारी कर्जाचे व्याजही आपल्या करातून जाऊ लागले. त्यावर कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. 1988 मध्ये जपानी वंशाच्या लोकांना दिलेले 20,000 डॉलरसुद्धा अशा असंख्य करदात्यांच्या पैशांतून गेले, जे 1942 मध्ये जन्मलेही नव्हते. ते उदाहरण पटणारी रीत म्हणून आपणच वर दिले आहे.