ईटीपीचं पाणी काचेसारखं, तरी टीडीएस हटत नाही

टॉवेलवाला_सोलापूर
सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. शंभर किलोचे रोज दोन लॉट, रिॲक्टिव्ह रंग. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लँटमध्ये, चुना, हिराकस (लोहाचं सल्फेट), मग गाळ बसवायला पॉली. पाणी इतकं स्वच्छ निघतं की टाकीचा तळ दिसतो. पण टीडीएसचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं, मीटर लिटरला ९,००० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात मर्यादा २,१०० ची. केमिकलवाला म्हणाला डोस वाढवा. वाढवला, तर मीटर उलट चढलं!

जुना_मास्तर_इचलकरंजी
मालक, आधी त्या केमिकलवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. हिराकस रंग धरून खाली बसवतो, विरघळलेलं मीठ नाही. वर डोसाचेच क्षार पाण्यात जातात.

मीठ कुठून आलं? रंग सुतावर चढावा म्हणून तुम्हीच टाकलंत. गडद शेड, किलोला दहा लिटर, म्हणजे १:१० ने लॉटला १,००० लिटर पाणी, लिटरला ६० ग्रॅम मीठ. म्हणजे ५० किलोची एक गोणी आणि वर १० किलो. आमच्याकडे पोरं ते 'वरचं' म्हणून अर्धी गोणी ओतायची. हौजाशेजारी वजनकाटा आणून ठेवला तेव्हा कळलं.

रंगाचं पाणी नि धुण्याचं पाणी एकाच गटारात सोडता ना? तिथंच घोळ आहे. सूत आपल्या वजनाच्या दोन-अडीचपट पाणी धरतं, बाकी पहिल्या ड्रेनलाच, म्हणजे रंगाचं पाणी सोडतानाच, निघून जातं. मिठाचे चारातले तीन वाटे त्यातच. ते वेगळ्या टाकीत घ्या. उरलेलं आरओला, म्हणजे क्षार गाळणाऱ्या यंत्राला, झेपेल.

टॉवेलवाला_सोलापूर
वेगळं काढलं तरी टाकू कुठे?

तिरुपूरकर
आमच्याकडे तामिळनाडूत, तिरुपूरला, जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगशाळा बंद करायला लावल्या, नोय्यल नदीपायी. आता थेंबही बाहेर सोडायचा नाही. आरओतून मागे उरलेलं खारं पाणी साफ करून परत रंगाला वापरतात. पण ते सामाईक प्लँटचं काम, एकट्याचं नाही.

जुना_मास्तर_इचलकरंजी
खरंय. तुमच्याकडे ऊन आहे, उथळ हौदात आटवा. दिवसाचं दीड हजार लिटर म्हणजे तीन-चारशे चौरस मीटर जागा, पावसाळ्यात वर पत्रा आणि मंडळाची परवानगी. तळाला पाणी न झिरपणारं अस्तर पाहिजेच. आम्ही नुसती फरशी घातली होती, वर्षभरात शेजाऱ्याची बोअर खारट झाली. त्याच्या म्हशी पाण्याला तोंड लावेनात. भांडण अजून मिटलेलं नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
उद्याच पहिल्या ड्रेनला मीटर लावतो.

जुना_मास्तर_इचलकरंजी
खिशातलं मीटर असेल तर दहा हजाराशी अडकेल. एक मगभर ड्रेनचं पाणी, नऊ मगभर साधं, असं मिसळून मोजा. रंगात टाकलेला सोडा धरून साडेसात हजार आलं तर मीठ बेतात आहे. नऊ हजाराच्या घरात गेलं तर तुमचीही पोरं ओततायत.