मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेल उपचारासाठी भावाला बँकॉकला न्यावे का?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या उपचाराबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. सगळी माहिती एकदाच देतो.

वय ३१. दहा महिन्यांपूर्वी उंचावरून पडून पाठीचा मणका मोडला, पातळी डी-१० (छातीच्या भागातला दहावा मणका). नाशिकला ऑपरेशन होऊन रॉड-स्क्रू बसवले. डिस्चार्ज कार्डावर 'एशिया ए' (मज्जारज्जूच्या दुखापतीची सर्वांत गंभीर श्रेणी) लिहिले आहे. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. हात उत्तम. लघवीची नळी कायम आहे. माकडहाडावर जखम आहे, ती भरत आली आहे असे घरचे म्हणतात.

एका एजंटाने बँकॉकच्या क्लिनिकचे पॅकेज पाठवले आहे. नाळेच्या स्टेम सेलची सहा इंजेक्शने (चार कण्यातून, दोन शिरेतून), रोज फिजिओथेरपी, मुक्काम पंधरा दिवस. साडेचौदा लाख, विमानभाडे वेगळे. 'ऐंशी टक्के पेशंटला फरक पडतो' असे सांगतो. महिनाअखेर तीन लाख भरले तर सवलत म्हणे. एक एकर बागायत विकायचे चालले आहे, गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे.

हा उपचार खरा आहे का? जपानमध्ये तो सरकारमान्य आहे असे ऐकले, तिकडे जमेल का? जायचेच ठरले तर क्लिनिकला काय विचारायचे, पैसे कसे पाठवायचे, अशा पेशंटला विमानातून कसे न्यायचे?

पुनर्वसन_धुळे

भाऊ, आधी इसार थांबवा. बाकीचे नंतर बोलू, पण इसार पावतीवर सही झाली की निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

आता तपासणी. डिस्चार्जच्या वेळचा 'ए' आज धरून चालू नका. दुखापतीनंतर काही आठवडे मज्जारज्जू बधिर असतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. त्या काळातली श्रेणी पुढे बदलू शकते. आज पुन्हा पूर्ण एशिया तपासणी करून घ्या. टाचणीने आणि कापसाने दोन्ही बाजूंचे २८-२८ बिंदू तपासतात, दहा-दहा स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये मोजतात आणि शेवटी गुदद्वाराची संवेदना व आकुंचन पाहतात. हा शेवटचा भाग लाजेखातर किंवा घाईत बरेचदा राहून जातो, आणि नेमका तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे थोडीही जाणीव असेल तर श्रेणी 'ए' राहत नाही, 'बी' होते, आणि पुढचा अंदाज बदलतो. तक्त्याची प्रत मागून घ्या. नुसते 'पॅराप्लेजिया' (कमरेखालचा लुळेपणा) लिहिलेला कागद पुढे कुठेच कामाचा नाही.

ऐंशी टक्क्यांबद्दल एकच प्रश्न विचारा: फरक म्हणजे काय? 'पाय गरम लागले', 'घाम आला', 'बसताना तोल सुधारला' हे सगळे फरकात मोजले जाते. बसण्याचा तोल तर रोज चार तास व्यायाम घेतला तरी सुधारतो, आणि पॅकेजमध्ये तो व्यायाम आहेच. शिवाय मज्जारज्जूची आपसूक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत सर्वाधिक असते आणि दीड वर्षापर्यंत हळूहळू चालू राहू शकते. त्याच काळात इंजेक्शन दिले की श्रेय इंजेक्शनला जाते. तुलनेला इंजेक्शन न दिलेला गट नसेल तर टक्केवारीला अर्थ नाही.

पेशीशाळा

जपानचे आधी सांगते, कारण एजंट लोक हेच नाव पुढे करतात.

जपानने डिसेंबर २०१८ मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी 'स्टेमिरॅक' नावाच्या उपचाराला सात वर्षांच्या मुदतीची सशर्त मान्यता दिली. त्यात पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून देतात. मात्र ही अस्थिमज्जा दुखापतीनंतर ३१ दिवसांच्या आत काढावी लागते. केओ विद्यापीठात आयपीएस पेशींची (साध्या पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या मूळ पेशी) चाचणी झाली, पहिले प्रत्यारोपण डिसेंबर २०२१ मध्ये झाले. तीही दुखापतीनंतर १४ ते २८ दिवसांतल्या चार पेशंटवर. दहा महिन्यांच्या जुन्या दुखापतीला दोन्ही दारे बंद आहेत. जपानमध्ये खासगी क्लिनिकही पेशी देतात. २०१४ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे त्यांना आपली योजना समितीपुढे ठेवून सरकारकडे दाखल करावी लागते. ते 'सरकारमान्य' म्हणतात ते बहुतेक वेळा एवढेच. योजना दाखल होणे वेगळे, उपचार गुणकारी ठरणे वेगळे.

भारतातही स्थिती स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीचा उपचार म्हणून मान्य आहे ते रक्ताच्या आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पुढे मोजक्या पेशी-उत्पादनांना औषध म्हणून परवानगी मिळाली, उदाहरणार्थ गुडघ्याच्या झिजेसाठी. मज्जारज्जूसाठी तसे काही नाही. बाकी सगळे संशोधनाच्या चाचणीतच करायचे, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून ही मंडळी पेशंटला देशाबाहेर नेतात.

धोके नेमके काय, हे घरात बसून वाचून दाखवा. डी-१०-११ ला दुखापत झालेल्या एका तरुणीच्या कण्यात पोर्तुगालमध्ये नाकातल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली, तेव्हा कण्यात चिकट श्लेष्म तयार करणारी गाठ सापडली. ही नोंद २०१४ सालची. पक्षाघातासाठी चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत पेशी घेतलेल्या एका अमेरिकी माणसाच्या कण्यात दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींची गाठ वाढली, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतल्या क्लिनिकांत इंजेक्शन घेतलेल्या तीन अमेरिकी पेशंटना मायकोबॅक्टेरियम ॲबसेससचा संसर्ग झाला. हा जंतू साध्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, महिनोन् महिने औषधे चालतात. शिवाय परक्या पेशी एकदा घेतल्या की उद्याच्या चांगल्या चाचणीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. वय ३१ आहे, हा मुद्दा हलका समजू नका.

आणि शिरेतल्या दोन इंजेक्शनांबद्दल: या पेशी आकाराने मोठ्या असतात. शिरेतून सोडल्या की बहुतांश फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. मज्जारज्जूपर्यंत पोचून तिथे नवे मज्जातंतू तयार होतात हे चित्र माहितीपत्रकातले आहे.

केळीबाग_यावल

ताई, दादा, खूप आभार. एजंटाला कागद मागितले तर त्याने 'जीएमपी' लिहिलेल्या एका प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. एवढे पुरते का? घरात आई अजून म्हणते की एकदा प्रयत्न करून पाहू, म्हणून पुढचेही विचारतो आहे.

पेशीशाळा

आईंचे म्हणणे कळते. त्यांना कुणी खोटे ठरवू नका, पण पुढचे कागद आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

जीएमपीचे (चांगल्या उत्पादन पद्धतीचे) प्रमाणपत्र प्रयोगशाळेच्या व्यवस्थेचे असते. त्यावर प्रयोगशाळेचे नाव, पत्ता, देणारी संस्था आणि मुदत पाहा. बऱ्याचदा ती प्रयोगशाळा क्लिनिकची नसतेच. तुम्हाला हवा तो भावाला मिळणाऱ्या त्या बॅचचा विश्लेषण अहवाल. त्यात बॅच क्रमांक, पेशींची एकूण संख्या, पेशी कितव्या पिढीच्या (पॅसेज), वितळवल्यानंतर जिवंत पेशींचे प्रमाण (७० टक्क्यांखाली तर घेऊच नये), जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) यांचे निकाल, आणि नाळ देणाऱ्या मातेच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी व सिफिलिसच्या चाचण्या हव्यात. ओळख पटवायला पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा पाहतात: सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ हे ९५ टक्के किंवा जास्त, आणि सीडी-४५, सीडी-३४ हे २ टक्के किंवा कमी. 'आमच्या पेशी उच्च प्रतीच्या' याला अहवाल म्हणत नाहीत.

पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि ३७ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत वितळवतात. त्यानंतर प्रत्येक तासाला जिवंत पेशी कमी होत जातात. दुसऱ्या शहरातून सकाळी वितळवून आणलेली बाटली दुपारी टोचली तर कागदावरचा आकडा खरा राहत नाही. म्हणून लेबलवर पेशंटचे नाव, बॅच क्रमांक आणि वितळवल्याची वेळ आहे का ते विचारा. गोठवताना पेशी वाचवायला डीएमएसओ हे रसायन वापरलेले असेल तर शिरेतल्या इंजेक्शननंतर पेशंटच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. त्याला घाबरू नका. मात्र कण्यातून देताना ते द्रव्य आधी धुऊन काढले का, हे लेखी विचारा.

अजून एक: गाठ झाली, मेंदूज्वर झाला तर खर्च कुणाचा? सहा आणि बारा महिन्यांनी एमआरआय कोण पाहणार? याचे उत्तर क्लिनिकच्या लेटरहेडवर, डॉक्टरच्या सहीने हवे. एजंटाच्या व्हॉट्सॲपवर नको.

काउंटर_क्र_४

पैशांचे मी सांगतो.

परदेशी उपचाराचे पैसे बँकेतून ए-२ फॉर्म भरून जातात. पॅन, पासपोर्ट आणि हॉस्पिटलचे अंदाजपत्रक लागते. उद्देश 'वैद्यकीय उपचारासाठी प्रवास', कोड एस-०३०४. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचा आकडा तिच्या खूप खाली आहे. पैसे हॉस्पिटलच्या नावाच्या खात्यातच पाठवा. एजंट 'माझ्या खात्यावर टाका, यूपीआय करा, रोख द्या' म्हणाला तर तिथेच थांबा. तसे दिले तर ते पैसे उपचारासाठी हॉस्पिटलला गेले याचा तुमच्याकडे पुरावाच उरत नाही.

एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापतात. उपचारासाठीचा दर इतर बऱ्याच उद्देशांपेक्षा कमी असतो, चालू वर्षाचा दर शाखेत विचारून घ्या. त्यासाठी उद्देश बरोबर लिहिलेला आणि अंदाजपत्रक जोडलेले हवे. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून शेतकरी रिटर्न भरत नाहीत आणि हा कापलेला पैसा तसाच राहतो. २६-एएस मध्ये (प्राप्तिकर खात्याचे करकपातीचे विवरण) नोंद बघा आणि रिटर्न भरून परत मिळवा.

परदेशी क्लिनिकवर इथून दावा चालवणे फार अवघड. मात्र इथे पैसे घेणारा एजंट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येतो. ५० लाखांपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे तुमच्या बाबतीत जळगावला, राहत्या ठिकाणावरून करता येते. त्याच्या नावाची पावती आणि 'ऐंशी टक्के'चा मेसेज जपून ठेवा, पुसू नका.

चाकखुर्ची_भुसावळ

प्रवास कुठलाही असो, मुंबईच्या तपासणीचा असो की परदेशाचा, माकडहाडावर उघडी जखम असताना नेऊ नका. चार-साडेचार तासांचे विमान, त्याआधीचा मुंबईपर्यंतचा प्रवास आणि विमानतळावरची वाट हे सगळे धरले तर बैठक बारा तासांच्या वर जाते.

तिकीट काढतानाच चाकखुर्ची आणि विमानाच्या आतली अरुंद खुर्ची नोंदवा, किमान ४८ तास आधी. एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. हवेची गादी वापरत असाल तर एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही: उंचीवर केबिनचा दाब कमी होतो, गादीतली हवा फुगते, गादी टणक होते आणि जखम तिथेच होते. उड्डाणानंतर थोडी हवा सोडा, उतरल्यावर पंपाने भरा, पंप हातातल्या पिशवीत ठेवा. दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन कंबर उचलायची, निदान एक-दोन मिनिटे. भावाचे हात चांगले आहेत, जमेल.

कायमच्या नळीऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत इथेच शिकून घ्या. एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. कायमच्या नळीने संसर्ग वाढतो, आणि लघवीत संसर्ग असताना कण्यात सुई घालणे धोक्याचे.

केळीबाग_यावल

गिऱ्हाइकाला थांबायला सांगितले. एजंटाला बॅचचा अहवाल मागितला तर 'तिथे गेल्यावर दाखवू' म्हणाला. आता आधी जखम आणि एशिया तपासणी. जखम साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, तळाशी पिवळट थर आहे. घरी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतो आणि पावडर टाकतो. हे बरोबर आहे का? आणि पुनर्वसनासाठी कुठे न्यावे?

पुनर्वसन_धुळे

पेरॉक्साइड आणि पावडर आजपासून बंद. पेरॉक्साइडने नवी पेशी मरते, पावडरीचा थर बसून खाली पू साठतो. सलाइनने धुवा, ओलसर ड्रेसिंग ठेवा. पिवळट थर म्हणजे मेलेली पेशी, ती सर्जनने काढायची असते. घरी खरवडू नका. कापसाची निर्जंतुक काडी कडेने हलकेच घातली आणि आत पोकळीत गेली, किंवा तळाशी टणक हाड लागले, तर त्याच दिवशी दवाखाना. वास, ताप किंवा अचानक वाढलेला पायांचा ताठरपणा असेल तरीही तेच. भावाला दुखणार नाही, म्हणून या खुणांवरच लक्ष ठेवायचे. जखम पूर्ण भरेपर्यंत पाठीवर झोपणे आणि टेकून अर्धवट बसणे बंद. पालथे किंवा ३० अंश कुशीवर, दर दोन तासांनी कूस बदलून. जेवणात डाळ, अंडी, दूध वाढवा. रक्तातले हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन तपासा, ते कमी असेल तर जखम भरत नाही.

सुरुवात जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून करा, दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे कामही तिथे विचारा. पुढे मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची. दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. तिथे बेडवरून खुर्चीत जाणे, मूत्राशय आणि शौचाची शिस्त, कॅलिपर (पायांना आधार देणारी पट्टी) लावून उभे राहणे हे शिकवतात. जाताना ऑपरेशनच्या नोट्स, रॉड-स्क्रूचे स्टिकर (टायटॅनियम आहे का ते एमआरआयवाले विचारतात), जुन्या एमआरआयची सीडी आणि नळी बदलल्याच्या तारखा सोबत ठेवा. फिल्म नको, सीडीच न्या. कुठली संशोधन-चाचणी कुठे चालू आहे ते सीटीआरआयच्या (भारतातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) संकेतस्थळावर मोफत दिसते. तिथे 'स्पायनल कॉर्ड इंज्युरी' शोधा आणि दुखापतीला किती महिने झालेले चालतात ती ओळ आधी वाचा.

जखमेचा फोटो शेजारी पट्टी ठेवून दर आठवड्याला एकाच वारी काढा. दोन आठवड्यांत लांबी-रुंदी कमी झाली नाही तर ड्रेसिंग बदलत बसू नका, सर्जनला दाखवा.