स्वाहिलीत काळ कसा ओळखायचा? 'सिकुला' की 'सिजाला'?

मी कोथरूडला राहते, आमच्या वरच्या मजल्यावर टांझानियाचं कुटुंब आलंय. त्यांच्या मामा (तिकडे आईच्या वयाच्या बाईंना मामाच म्हणतात) मला रोज थोडी स्वाहिली शिकवतात. परवा त्यांनी विचारलं, "उमेकुला?" म्हणजे जेवलीस का. मी म्हटलं "सिकुला", तर त्या "सिजाला, सिजाला" म्हणत ताटच घेऊन आल्या. दोन्हीत 'नाही'च आहे ना, मग फरक काय?

मुळाकाठ
ताई, मी दार-ए-सलामला नोकरीला होतो. आधी कोण, मग कधी, मग काम, सगळं एकाच शब्दात. सोमा म्हणजे वाचणं. निनासोमा वाचतेय, निलिसोमा वाचलं, निटासोमा वाचेन, निमेसोमा वाचलंय. 'नि' म्हणजे मी, तिथे 'तू'साठी 'उ' टाका, 'तो'साठी 'आ', बाकी काही हलत नाही. खरी गडबड नकारात होते, कारण नुसता 'नि'चा 'सि' होऊन भागत नाही, बहुतेकदा मधला तुकडाही बदलतो, फक्त भविष्यातला 'टा' तसाच राहतो. सिकुसोमा वाचलं नाही, सिजासोमा अजून वाचलं नाही, सिटासोमा वाचणार नाही. आणि वर्तमानात तुकडाच जातो, शेवटच्या 'आ'चा 'इ' होतो, सिसोमी. तुमचं सिकुला म्हणजे 'जेवले नाही', विषय संपला. सिजाला म्हणजे 'अजून जेवायचेय', म्हणून ताट आलं!

बाणेरची
यात एक भर घालते. इंग्रजीतून शिकलात तर निमेसोमातला 'मे' कळायला जड जातं, मराठीतून एकदम सोपं. दमलोय ला निमेचोका, बसलोय ला निमेकाआ. 'निनाचोका' म्हटलं तर आत्ता दमत चाललोय असं होतं. आपला 'लोय' आणि त्यांचा 'मे' अगदी शेजारी शेजारी बसतात, मला तर हे कळल्यावर फार आनंद झाला होता. शिवाय आला-आली ची भानगड नाही, दोघांनाही अलिकुजा.

प्रश्नकर्ती
किती छान समजावलंत! पण मग मामा 'सिसहाऊ' म्हणतात, विसरत नाही या अर्थी. तिथे शेवटी 'इ' का नाही?

मुळाकाठ
कारण सहाऊ अरबीतून आलेला शब्द, मुळात शेवटी 'आ'च नाही, मग बदलणार काय. जिबू पण तसाच, उत्तर देणं, आपल्या 'जबाब'चं मूळही तेच. सिजिबू म्हणजे मी उत्तर देत नाही.

प्रश्नकर्ती
म्हणजे अजून विसरले नाहीये असं सांगायचं तर 'सिजासहाऊ'?

मुळाकाठ
एकदम बरोबर. आज वर जाऊन हेच म्हणा.